चनबसप्पा काका आणि वीरेशच्या सुट्ट्या

गाडी कुणाचीही असो आणि कुठल्याही देशातली असो, ती सुटायच्या आधी चनबसप्पा काका माणसं मोजायचे. आमच्या मोटारीत असून असून किती माणसं असणार? तरी काका पुढच्या सीटवरून मागं वळणार, एकेकाकडे बोट करत ओठ हलवणार, आणि मग दारावर आतून दोनदा टकटक करून म्हणणार, "हां, जाऊ द्या." त्याआधी माझ्या नवऱ्यानं किल्ली फिरवलेली त्यांना अजिबात खपायची नाही. "ओ साहेब, डबल बेल दिली का मी?" असं डोळे वटारून विचारायचे. उभी हयात सोलापूर-अक्कलकोट-मैंदर्गी रस्त्यावर लाल गाडीची कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाला तरी घंटेची दोरी काही हातातनं सुटली नव्हती.

गंमत बघा, हा माणूस सोलापुरात माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. जुळे सोलापुरात आमचं घर, तिथंच त्यांचं. पण ओळख व्हायला आम्हा दोघांना जर्मनी गाठावी लागली. त्यांचा एकुलता एक मुलगा वीरेश श्टुटगार्टजवळच्या एका गावात नोकरीला होता, माझा नवराही तिथंच. एकाच इमारतीत आम्ही खालच्या मजल्यावर, ते वरच्या. वीरेश, त्याची बायको स्नेहा आणि शाळेत नुकती जायला लागलेली गौरी. काकू अचानक वारल्या, आणि त्यानंतर वीरेशनं कागदपत्रांची काय काय भानगड निस्तरून वडिलांना कायमचं तिकडं नेलं. 'कायमचं' हा शब्द वीरेश मोठ्या अभिमानानं सांगायचा. काका तो शब्द ऐकला की खिडकीबाहेर बघायला लागायचे.

पहिल्यांदा गाठ पडली ती जिन्यात. डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि अंगात मुलाचा ढगळ कोट. मी मराठीत बोलले तर बघतच राहिले.

"कुटली गं तू?"

"सोलापूरची."

"सोलापुरात कुटं?"

मी गल्ली सांगितली. काकांनी कठड्याला धरलं आणि जिन्यातच बसले. "यव्वा! माझ्याच स्टॉपची की तू!" त्या दिवसापासून मी त्यांची 'अव्वा' झाले. कन्नडात आईला म्हणतात तसं, पण आमच्याकडच्या लिंगायत घरांत लेकीबाळींनाही लाडानं अशीच हाक मारतात. माझे वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला ती हाक फार गोड लागली, खोटं कशाला सांगू.

पण काका म्हणजे काही गरीब गाय नव्हते. हट्टी, खोचक, आणि चुलीपासून चपलेपर्यंत सगळ्यात नाक खुपसणारे. पहाटे उठून धबाधबा अंघोळ करायचे, त्यावर आमच्या शेजारच्या म्हातारीनं तक्रार केली तर म्हणाले, "अंघोळीला बी परमिट लागतंय व्हय हितं?" स्नेहा बिचारी गव्हाच्या पोळ्या करायची, त्या बघून ते म्हणायचे, "ह्ये काय आजाऱ्याचं खाणं!" त्यांना ज्वारीची भाकरी लागायची, आणि तिथं मिळणाऱ्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना तुटायची. मग रुसून नुसता दहीभात. स्नेहा एकदा माझ्यासमोर रडली होती. काकांच्या ते लक्षात आलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी न बोलता दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

तिथल्या बसला कंडक्टर नसतो हे कळल्यावर ते फारच खट्टू झाले.

"मग बेल कोन मारतंय?"

"प्रवासीच मारतात काका, उतरायचं असलं की."

"आन तिकीट?"

"आधीच काढून ठेवतात."

"म्हंजे आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय!" म्हणाले, आणि रिकाम्या जागा सोडून दाराजवळच्या खांबाला पाठ टेकून उभे राहिले. ती त्यांची कायमची जागा झाली. एकदा मी बरोबर होते. बस सुटायला आली आणि एक म्हातारी काठी टेकत, हात हलवत पळत येत होती. ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं आणि दार लावायला घेतलं. काकांनी आपला पाय दारात घातला. ड्रायव्हर माईकवरून ओरडला, दार पिपाणीसारखं वाजायला लागलं, लोक बघायला लागले. काका त्याच्याहून मोठ्यानं ओरडले, अर्धं कन्नड, अर्धं मराठी, "म्हातारी पळत येतीया, दिसंना व्हय तुला? घड्याळाला दूध पाजतोस का घरी?" मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. म्हातारी चढली, काकांनी तिच्या दंडाला धरून तिला बसवलं आणि मग पाय काढला. पुढं कितीतरी दिवस ती बाई रस्त्यात दिसली की काकांना हात करायची. गौरीला ही गोष्ट इतकी आवडली की ती शाळेत सगळ्यांना सांगत सुटली, आणि स्नेहाला मात्र शिक्षिकेपुढं शरमल्यासारखं झालं.

काकांची रोजची फेरी मात्र दुसरीकडेच असायची. गावाच्या कडेला कबरस्तान होतं. बाग म्हणावी असं नीटनेटकं, फुलं, झाडं, पाण्याच्या झाऱ्या, बसायला बाकं. काका दुपारी तिथं जाऊन बसायचे. मी म्हटलं, काका, दुसरी जागा नाही का मिळाली? तर म्हणाले, "हितं म्हातारी माणसं येत्यात गं. बाकी सगळीकडं नुस्ती पळणारी दिसत्यात."

एक दिवस मला मुद्दाम घेऊन गेले. तिथं काम करणारा एक माळी होता, त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि त्यांना भाषा येत नव्हती. मला वाटलं, फुलझाडाचं नाव विचारायचं असेल.

"त्याला विचार, हितं बसवून पुरत्यात का."

"काका, असलं काय विचारू?"

"विचार की. नुस्तं विचाराय काय जातंय?"

आता हे सांगायला हवं. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, पुरतात. तेही आडवं नाही. मांडी घालून, भस्म लावून, फुलांनी सजवून बसवतात, आणि जन्मभर गळ्यात घातलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवतात. काकूंना तसंच सोलापुरात बसवलं होतं, आणि त्यांच्या शेजारची जागा काकांनी मनात धरून ठेवली होती. ज्या दिवशी विमानात बसले त्या दिवसापासून त्यांना एकच घोर होता: आपण इथं मेलो तर?

मी माझ्या मोडक्या जर्मनमधून विचारलं. माळ्यानं हातमोजे काढले, थोडा विचार केला. वेड्यात काढलं नाही त्यानं, ह्याचं मला अजून बरं वाटतं. म्हणाला, पेटी लागतेच, आणि पेटीत माणूस आडवाच मावतो. शिवाय, हेही सांगितलं की जागा कायमची नसते. वीस-पंचवीस वर्षांनी घरच्यांनी पुन्हा भाडं भरलं तर ठीक, नाहीतर ती दुसऱ्याला देतात.

मी सांगितलं तसे काका बाकावर सरळ झाले. "म्हंजे? मेल्यावर बी रिझर्वेशन संपलं की उठवत्यात?"

"तसंच म्हणा."

"शिव शिव शिव," म्हणाले, आणि उठून घरची वाट धरली.

त्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. वांग्याची भाजी झकास झाली होती. मधेच काका म्हणाले, "वीरेश, मला घरी सोड. हितं मराय बरं न्हाय."

स्नेहाच्या हातातला डाव तसाच राहिला. वीरेश म्हणाला, "आप्पा, जेवताना काय हे?"

"मग कवा बोलू? तू जेवतानाच गावतोस."

"तुम्हाला काही झालेलं नाही. आणि तिथं तुमच्याकडे बघणार कोण?"

"तितं तुझी आई हाय."

 मग काकाच जरा हसून म्हणाले, "आरं, उभा जन्म उभ्यानं प्रवास केला मी. शेवटचा तरी बसून होऊ दे की." माझा नवरा फसकन हसला आणि एकटाच हसला. वीरेश ताट सोडून उठला.

वीरेश वाईट मुलगा नव्हता. उलट इतका जीव लावणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचाच तर घोळ होता. नंतर तो जिन्यात मला म्हणाला, "ताई, आई गेली तेव्हा मला विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. आमच्यात थांबत नाहीत. चुलतभावानं फोन धरला होता, त्यावर बघितलं मी. ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभं राहून. आप्पांच्या वेळी मी जवळ असणार म्हणजे असणार. मग ते कुठंही असो." आता बोला! बापाला मरायला सोलापूर पाहिजे, लेकाला बाप मरताना जवळ पाहिजे. कुणाला चूक म्हणायचं? मी दोघांनाही हो हो म्हणत राहिले.

त्यावर वीरेशनं शोधलेलं औषध म्हणजे प्रवास. म्हाताऱ्याचं मन इथं रमलं पाहिजे, तर त्याला फिरवून आणायचं. सुट्टी लागली की गाडी काढ. कधी राजवाडा, कधी सरोवर, कधी नदीवरची होडी. आम्हीही बऱ्याचदा बरोबर असायचो. काका डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन निघायचे, कारण सोलापूरहून कुणी आलं की पापडासारख्या त्या वाळक्या भाकऱ्यांची चळतच मागवायचे. माणसं मोजून झाली की गाडी सुटायची, आणि मग तासातासाला त्यांचा प्रश्न यायचा, "हितनं सोलापूर किती लांब पडतंय?"

वीरेश सांगायचा, "तितकंच आप्पा, थोडं इकडं तिकडं."

"न्हाय. आनखी लांब आलो आपन." रस्त्याचा माणूस, त्यांना बरोबर कळायचं. पूर्वेला चाललो असलो की खुलायचे, गाणीबिणी म्हणायचे. पश्चिमेला गाडी वळली की गप्प.

मे महिन्यात गौरीच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा वीरेशनं स्वित्झर्लंड काढलं. काका नको म्हणत होते. "बेड रे, बेड," असं कन्नडात दोनदा म्हणाले, पण गौरी गळ्यात पडली आणि ते निघाले. वाटेत डोंगरातले बोगदे लागले. एक लांबलचक बोगदा संपेच ना, तेव्हा काकांनी दाराची मूठ घट्ट धरून ठेवली होती. मी मागून बघत होते.

डोंगरावर जायला तारेवरचा पाळणा होता. मला असल्या उंचीची भोवळ येते आणि काकांनी तर साफ नाही म्हटलं, "दार लावणारा मानूस दिसंना. मी न्हाय चढत." तेव्हा बाकीचे वर गेले, आम्ही दोघं खाली बाकावर. समोर बर्फाचे डोंगर, ऊन पडलेलं, लोक फोटो काढतायत. मी कॉफी आणायला उठले आणि परत आले तर काकांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळत होतं. त्या थंडीत!

"काका, काय होतंय?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अव्वा, मानसं मोज गं. सगळी हायेत का?"

बाकावर आम्ही दोघंच होतो.  मी ओरडले, कुणीतरी धावत आलं, गाडी आली. वीरेश वरून खाली येईपर्यंत काकांना दवाखान्यात नेलेलं होतं.

वाचले. रक्तवाहिनीत नळी घातली, चार दिवस ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा खिडकीतून तोच डोंगर दिसत होता आणि काका त्याच्याकडे पाठ करून झोपले होते. वीरेश पलंगाजवळ बसलेला, दाढी वाढलेली. काकांनी त्याचं मनगट धरलं होतं, आणि मला बघूनही सोडलं नाही.

"मला हितं ठेवू नको."

"नाही ठेवत, आप्पा."

"आईची शपत घे."

 त्याचा चेहरा मला बघवेना. शेवटी म्हणाला, "आईची शपथ." आणि पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून हमसून रडला. काका त्याच्या केसांतनं हात फिरवत होते आणि रडत मात्र नव्हते. त्यांना हवं ते मिळालं होतं, आणि बापाचा जीव असला तरी त्या क्षणी ते खूश होते, मी डोळ्यांनी पाहिलं.

डॉक्टरांनी विमानाला हो म्हटल्यावर वीरेश त्यांना सोलापूरला सोडून आला. स्वयंपाकाला आणि घरात राहायला महादेवी म्हणून एक मैंदर्गीची बाई ठेवली. त्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याचं तिथलं काम संपलं, आम्हीही परत आलो, आणि दोन गल्ल्या ओलांडून मी रोज काकांकडे जायला लागले.

मरायला म्हणून आलेला हा माणूस सोलापुरात पाय ठेवल्या ठेवल्या ताजातवाना झाला! सकाळी स्टँडवर जाऊन बसायचे, जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांबरोबर चहा, गाड्यांच्या वेळांवरून भांडणं. मित्र चिडवायचे, "काय चनबसप्पा, तू तर जायला म्हून आलतास की!"

"गाडी लेट हाय," काका म्हणायचे.

हसायला ठीक होतं. पण तिकडं वीरेशनं काय केलं? त्यानं आपल्या सगळ्या सुट्ट्या सोलापूरला लावल्या. दिवाळीला आला, नाताळच्या सुट्टीत आला, ईस्टरला आला. कधी स्नेहा-गौरी बरोबर, बहुतेक वेळा एकटाच. काकांना साधा खोकला झाला की तिकीट काढून मोकळा. यायचा, आणि करायचं काय? काका खुर्चीत, हा समोरच्या खुर्चीत लॅपटॉप घेऊन. बोलायला दोघांकडे दहा वाक्यं, ती पहिल्या दिवशी संपायची. जेवलात का, गोळी घेतली का. वीरेश मान वर करून बापाकडे बघायचा, पुन्हा खाली. एकदा तो औषधं आणायला गेला तेव्हा काका माझ्यावर उखडले.

"त्याला सांग गं काहीतरी! दूध उतू जायची वाट बघावी तसा बघत बसतोय माझ्याकडं. मला त्याच्यासमोर डोळा लागाय बी भ्या वाटतंय. डोळा लागला की ह्यो उठून नाकापशी हात धरतोय."

"काळजी वाटते त्याला, काका."

"काळजी न्हाय, पाळत हाय ही! मी मेलो तर त्याला दुःख, आन न मेलो तर त्याची सुट्टी वाया." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याच्या घरी बी बरं न्हाय चाललेलं. सून फोनवर पयल्यासारखी बोलत न्हाय."

ते खरं होतं. स्नेहा मला म्हणाली होती, "ताई, मी सासऱ्यांवर रागावलेली नाही. पण आम्ही तिघं शेवटचं कुठं गेलो होतो तर त्या स्वित्झर्लंडला. वीरेश इथं असला तरी तिथंच असतो." 

आणि मग गौरीनंच बॉम्ब टाकला. व्हिडिओवर आजोबांशी बोलत होती. काकांनी विचारलं, मोठ्या सुट्टीत कुटं जानार? ती म्हणाली, "इटलीला समुद्रावर जाणार होतो. पण बाबा तुमच्याकडे येणार ना. बाबा म्हणाले, तुम्ही बरे झालात की जाऊ." तिनं सहज म्हटलं, बिचारीच्या मनात काही नव्हतं. काका हसले, गोड बोलले, फोन महादेवीच्या हातात दिला. मग कितीतरी वेळ स्वतःचे हात बघत बसले. "अव्वा," म्हणाले, "मी बरा कशाला व्हनार गं आता?"

तोवर त्यांच्या पायांना सूज यायला लागली होती. जिना चढवत नव्हता, स्टँडवर जाणं बंद झालं होतं. डॉक्टर म्हणत होते, हृदय थकलंय. पण काकांनी महादेवीला आणि मला दटावून ठेवलं. फोनच्या वेळी पायांवर चादर, धुतलेली टोपी, ताजं भस्म, आणि आवाज असा की शेजारच्या घरात जावा. "मी ठनठनीत हाय! ह्या सुट्टीला येऊ नको. आलास तर दार उघडनार न्हाय. पोरीला समुद्र दाखव." वीरेश ऐकेना. चार दिवस बापलेकांचं फोनवर भांडण चाललं होतं. शेवटी काकांनी वर्मावर बोट ठेवलं. "तुला माझ्यापाशी असायचंय का मी मरताना बघायचंय? तुझा बाप तुला जिवंत चालत न्हाय का?" असलं बोलायला नको होतं. वीरेशनं फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी स्नेहाचा निरोप आला, आम्ही इटलीला जातोय.

काका श्रावणात गेले. त्यांचं सगळं रीतसर झालं, ते आधीच सांगून टाकते: पूजा सांगणारे अय्या आले, फुलांच्या आसनावर बसवून वाजतगाजत नेलं, काकूंच्या शेजारीच बसवलं. जे मागितलं होतं ते मिळालं माणसाला. पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ती ते गेले ती संध्याकाळ.

दुपारपासूनच धाप वाढली होती. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून उशा लावून पलंगावर बसवलं होतं. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात हलवू. काका म्हणाले, "साकु." पुरे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मुलाला कळवा, फार वेळ नाही. मी आत आले तर काकांनी ओळखलं.

"फोन लावलास तर बघ."

"लावणार, काका. हव्या तेवढ्या शिव्या घाला."

"फिरू दे गं त्याला..."

"त्याचा बाप आहात तुम्ही. माझे असता आणि मला कुणी कळवलं नसतं, तर मी त्याला माफ केलं नसतं." मी रडत होते आणि चिडलेही होते. काकांनी डोळे मिटले. मी लावला फोन.

वीरेशचं तोंड दिसलं. ओले केस, उघडे खांदे, मागं ऊन आणि वाऱ्याचा आवाज. माझ्याकडे बघूनच त्याचा चेहरा उतरला. मी फोन काकांसमोर धरला. तो काही विचारत बसला नाही.

"आप्पा, निघतो मी. आत्ता निघतो."

काकांनी दम घेतला. सगळं आयुष्य वेळापत्रकात घालवलेला माणूस. "पोचशील का?" त्यांनी विचारलं.

वीरेश मनात हिशेब करत होता, दिसत होतं. विमानतळ, विमान, मुंबई, तिथून पुढचा रस्ता. "उद्या रात्रीपर्यंत..." म्हणाला, आणि थांबला.

काकांनी मान हलवली. "मग पळू नको. बस तितंच. बस माझ्यापाशी."

तो वाळूत बसला. महादेवीनं पलंगाच्या फळीवर डबे रचून फोन उभा करून दिला, म्हणजे काकांना मान वळवावी लागू नये. "पोरगी कुटाय?" वीरेशनं फोन फिरवला. लांबवर पाण्यात गौरी उड्या मारत होती, स्नेहा तिच्याकडे धावत जात होती. काका बघत राहिले. "लई आत जाऊ देऊ नको," म्हणाले. मग जरा वेळानं, "ह्ये पानी आपल्या उजनीएवढं आसंल का रं?"

"मोठं आहे, आप्पा. खूप मोठं आहे."

"आसू दे."

एवढंच बोलणं झालं. पुढं दोघंही गप्प. पण ते गप्प बसणं खुर्चीतल्या गप्प बसण्यासारखं नव्हतं. वीरेश गुडघे पोटाशी घेऊन बापाकडे बघत होता आणि काकाही त्याच्याकडेच बघत होते, डोळा चुकवत नव्हते. स्नेहा येऊन वीरेशच्या मागं बसली, ओल्या गौरीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. गौरी म्हणाली, "आजोबा, हात करा ना." काकांनी चार बोटं उचलली. इकडं खिडकीबाहेर संध्याकाळ झाली, महादेवीनं दिवा लावला, काकांच्या कपाळाला भस्म लावलं. मी त्यांचा एक हात धरून बसले होते. मला वाटलं, त्यांचा डोळा लागलाय. थोड्या वेळानं माझाही डोळा पेंगुळला असेल.

फोनमधून वीरेशचा आवाज आला.

"ताई, तुमच्याकडचं नेटवर्क गेलं का? चित्र अडकलंय. आप्पा हलेनात."

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्यामागं भिंतीवर पंख्याच्या वाऱ्यानं दिव्याची सावली हलत होती.

"फोन चालू आहे, वीरेश," मी म्हणाले.